कुंपणी, कुंपण आणि भीमेचे पाणी

भाऊबीजेला बहिणीच्या गावी जाण्याचा माझा नेम लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत दोनदाच चुकला असेल. तिचे गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या अगदी काठावर. पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसावे, पारेवाडीच्या लहानशा स्टेशनावर उतरावे, आणि पुढे दाजी फटफटी घेऊन आलेले असले तर ठीक, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून जावे. दिवाळीच्या सुमारास धरण काठोकाठ भरलेले असते. उसाच्या फडाला लागूनच पाणी. आणि ते इतके अफाट, की पलीकडचा इंदापूर तालुका क्षितिजावर काजळाच्या रेघेसारखा दिसतो. कोकणातला मनुष्य पहिल्याने येथे आला तर त्याला खाडी वाटावी. पावसाची मारामार असलेल्या सोलापूर जिल्ह्यात हे दृश्य पाहून बाहेरच्याला मोठे कौतुक वाटते. गावकरी मात्र त्या पाण्याकडे पाहून फारसे बोलत नाहीत. त्याच्या तळाशी त्यांची जुनी गावे आहेत.

तर गेल्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा पुण्यास संगणकाचे शिक्षण घेतो. तोही सुटीवर आला होता. रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आपला लहानसा संगणक ओसरीवर मांडला आणि मला म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही कादंबऱ्या शिकवता ना? मग ही मालिका बघाच. तुमच्या खलनायकांची हजेरी घेईल असा खलनायक आहे यात.’’

मालिकेचे नाव ‘द एक्स्पान्स’. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने दोघा अमेरिकन लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. पहिली कादंबरी २०११ साली आली, एकूण नऊ झाल्या. चित्रमालिका २०१५ मध्ये सुरू होऊन २०२२ च्या आरंभी संपली. काळ सुमारे दोन-तीनशे वर्षांपुढचा. माणूस मंगळावर जाऊन राहिला आहे, आणि मंगळापलीकडच्या लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणकामगारांच्या पिढ्यान् पिढ्या जन्मून मरत आहेत. या पट्ट्यात सेरेस नावाचा बटुग्रह आहे. खगोलशास्त्रज्ञांना तो १८०१ पासून ठाऊक आहे. मालिकेतल्या सेरेसवर एके काळी भरपूर बर्फ होते. पृथ्वी आणि मंगळ यांनी ते खरवडून नेले. आता तेथल्या लोकांना पाणी मापाने मिळते, आणि शनीच्या कड्यांतून बर्फ आणणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसावे लागते.

आता हे जर सोलापूर जिल्ह्यातल्या ओसरीवर बसून पाहायचे, तर ते परके कसे वाटावे? बहिणीच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांना इंग्रजीचे अक्षर कळत नाही. नातू त्यांना गावच्या भाषेत सांगत होता : ‘‘आज्जे, हितलं पानी वरच्यांनी पळवलंय बघ.’’ मावशींनी मान डोलावली. ‘‘व्हय. पुण्यावाल्यांनी आसंल,’’ त्या म्हणाल्या, आणि पानाला चुना लावू लागल्या.

त्या खलनायकाचे नाव ज्यूल्स-पिएर माओ. हा कोणी अक्राळविक्राळ राक्षस नव्हे. उत्तम शिवलेले कपडे, हळू बोलणे, मोठमोठ्या अधिकाऱ्यांशी घरोबा. आणि व्यवसाय मालवाहतुकीचा व जहाजबांधणीचा. शनीच्या फीबी या उपग्रहावर एक परका, सजीवासारखा वागणारा पदार्थ सापडतो. तो काय करतो हे पाहण्यासाठी माओच्या हाताखालची मंडळी एरॉस नावाच्या लघुग्रहावरच्या साऱ्या वस्तीवर प्रयोग करतात. किरणोत्साराचा धोका आहे, अशी खोटीच आवई उठवून लोकांना निवाऱ्यांत नेले जाते, आणि दारे बंद केली जातात. माणसे मरतात ती माहितीसाठी. त्यांत माओची स्वतःची मुलगीही सापडलेली असते. बापाचे ऐश्वर्य लाथाडून ती पट्ट्यातल्या लोकांना जाऊन मिळालेली होती. तिच्या मृत्यूनेही काम थांबत नाही.

पुढे एक प्रसंग येतो, तो मला सर्वांत भयंकर वाटला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत लहान मुलांवर प्रयोग चाललेले असतात. माओ तेथे जातो, एका चिमुरडीशी चार शब्द बोलतो, आणि त्याला पाझर फुटतो. तो काम बंद करण्याचा हुकूम देतो. तेवढ्यात शास्त्रज्ञ त्याला नवा निष्कर्ष दाखवितो, आणि तोच माओ म्हणतो की, काम चालू ठेवा. वर्गात खलनायक शिकविताना आम्ही प्राध्यापक मंडळी ‘त्याला हृदयच नव्हते’ असे लिहून देतो. या माणसाला हृदय आहे. ते हलते, आणि पुन्हा जागेवर बसते.

भाचा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला त्याला काही विद्वत्ताप्रचुर सांगणे भाग होते. मी म्हणालो, आपल्याकडे खलनायक म्हणजे सावकार, पाटील किंवा गिरणीमालक. मिशीला पीळ देणारा, नाहीतर कबजेदलालीत बसलेला. आपल्या विज्ञानकथेत संकट बहुधा आकाशातून येते किंवा प्रयोगशाळेतून निसटते. कंपनीच्या हिशेबवहीतून फार क्वचित. तो ‘हं’ म्हणाला. पण मावशींनी मध्येच तोंड घातले. त्या केव्हाच्या पडद्याकडे टक लावून होत्या.

‘‘मालक ऱ्हाऊ द्या वो. त्यो तिकडं लांब. पन ही दारं लावनारी पोरं कुनाची म्हनायची?’’

त्या प्रश्नाकडे मी नंतर येतो. त्या रात्री तरी मी तो हसण्यावारी नेला. मला दुसरेच काही आठवत होते.

‘कंपनी’ हा शब्द मराठीत आला तो कारखान्याचा म्हणून नव्हे. तो आला सरकार म्हणून. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘कुंपणी सरकार’ असे. आपल्या भाषेत कुंपणच शेत खाते अशी म्हण आधीपासून होतीच. शब्दांचा हा योगायोग कोणाला सुचला नसेल असे मला वाटत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि भीमेच्या अलीकडचा इंदापूर भाग लंडनमधल्या भागीदारांच्या मंडळीच्या ताब्यात आला. ज्यांनी भीमा कधी पाहिली नव्हती, अशा लोकांना या जमिनीतून दरवर्षी नफा मिळायचा होता. खलनायक कंपनी शोधण्यासाठी आपल्याला अंतराळात जाण्याचे कारण नाही. ती आपल्या बांधावर चाळीस वर्षे होती.

आणि तिचा माओ कोण होता? पाहावयास गेले तर एक हुशार विद्यार्थी! रॉबर्ट कीथ प्रिंगल हा मुंबई इलाख्यातील तरुण मुलकी अधिकारी. कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात शिकलेला. तेथे अर्थशास्त्र शिकवीत प्रसिद्ध माल्थस. खंडाविषयीचे त्या काळचे अगदी ताजे सिद्धांत प्रिंगलच्या डोक्यात पक्के बसलेले. दख्खनच्या जमिनीची पाहणी त्याच्याकडे आली तेव्हा त्याने ठरविले की, प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर याहून न्याय्य ते काय असणार! पण उत्पन्न मोजणार कोण? हाताखालचे कारकून. कोणी ऐकीव आकडे लिहिले, कोणी हात ओले करून घेतले, आणि १८३० च्या सुमारास हे आकारणीचे कोष्टक इंदापुरावर लागू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी औते सोडून दिली. पुष्कळ जण निजामाच्या मुलखात निघून गेले. शेते पड पडली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यातच नवी पाहणी केली. निव्वळ उत्पन्नाचा तो बारीक हिशेबच त्यांनी सोडला. जमिनीची प्रत पाहून माफक आकार बसविला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे सांगितले. लोक परतले, जमिनी उठल्या. मुंबई इलाख्याची पुढची सारी जमीनमोजणी या इंदापुरी नमुन्यावर झाली, ही गोष्ट आज इंदापुरातही फार थोड्यांना माहीत असेल. प्रिंगल दुष्ट होता असे कोणीही म्हटलेले नाही. त्याचे गणित बरोबर होते. फक्त गणितातल्या माणसांना दोन वेळ जेवावे लागते, ते त्यात धरलेले नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, आणि पुणेकर वाचकांना थोडे बोचणारे. बोचले तरी सांगितले पाहिजे, कारण उजनीच्या पाण्याचा उगम तेथे आहे.

मुळशी पेट्यात, नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ, धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडावयाचे आणि त्यावर वीज काढावयाची, ही टाटांच्या वीज कंपनीची योजना. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये चालू झालेच होते. भिवपुरीचे १९२२ मध्ये झाले. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशाच्या धुरातून सुटाव्यात हा हेतू वाईट होता, असे कोण म्हणेल? पण मुळशी खोऱ्यात पन्नासांहून अधिक गावे होती आणि भात पिकविणारे मावळे होते. जमीन अद्याप ताब्यात आलेली नसता खोदकाम सुरू झाले, एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तर त्याला पिस्तुलाचा धाक दाखविण्यात आला, असा प्रसंग त्या लढ्याच्या इतिहासांत येतो. कायदा होता १८९४ चा. ‘सार्वजनिक हित’ या दोन शब्दांत तो एका खासगी कंपनीसाठी जमीन काढून देऊ शकत होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे, ज्यांचे निबंध आम्ही वर्गात अलंकारांसाठी शिकवितो, ते याच सत्याग्रहात तुरुंगात गेले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यास आम्ही सहसा विसरतो. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना कायदेशीर हक्कावर बोट न ठेवता लोकांशी बोलावे असे सुचविले. कंपनीने हक्कावरच बोट ठेवले.

आता बोचणारा भाग. मुळशीच्या पुष्कळ जमिनींची मालकी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला रोख मोबदला चालत होता. म्हणजे कंपनीची गाठ एकजुटीच्या गावाशी पडली नाही. तिला फट सापडली, आणि ती फट आपल्या पांढरपेशा वर्गाने ठेवलेली होती. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रुळांवर दगड रचून कामाची गाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९२७ मध्ये धरण पुरे झाले, भिऱ्याचे वीजघर फिरू लागले. खोऱ्यातल्या गावांवर तलाव पसरला, तो आजही आहे. पुण्याची मंडळी रविवारी भजी खावयास जातात ते हेच पाणी.

नकाशा काढून बसले म्हणजे यातली खरी मौज, मौज कसली, कळते. मुळा मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीला येते. मुळशीचा पाऊस हा मुळात उजनीचा पाऊस. बोगद्यांतून आणि नळांतून तो पश्चिमेला वळविला, तो भिऱ्याला चाके फिरवून कुंडलिकेत उतरतो, तसाच खोपोलीचा पाताळगंगेत आणि भिवपुरीचा उल्हासेत. कोकणातल्या कारखान्यांना आणि गावांना आता त्या पाण्याची सवय झाली आहे. तेथल्या माणसांच्या घरचे नळ त्यावर चालतात. आणि इकडे सोलापूर जिल्ह्यातले शेतकरी गेली कित्येक वर्षे म्हणत आहेत की, टाटांच्या धरणांचे पाणी आता तरी भीमेच्या खोऱ्यात ठेवा. शंभर वर्षांपूर्वी एका कंपनीने नदीचे तोंड फिरविले. त्या कंपनीतले, त्या सरकारातले, त्या सत्याग्रहातले कोणी राहिले नाही, पण पाणी अजून त्याच बाजूला जाते. मालिकेतल्या माओला शेवटी अटक होते, आणि प्रेक्षक सुस्कारा सोडतो. येथे कोणाला धरणार?

भाच्याला मी हे सारे दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेने फिरताना सांगितले. तो तरुण, आणि हिशेबी. म्हणाला, ‘‘मामा, पण आपलं गाव काय कुठल्या कंपनीने बुडवलं नाही. सरकारने बुडवलं. आणि ह्याच पाण्यावर आमचा ऊस आहे, माझी फी आहे.’’

खरे होते. उजनीचे काम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९८० मध्ये धरण पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. भरले म्हणजे सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी, पैकी वापरावयाचे साडेत्रेपन्न. बाकीचे चौसष्टच्या आसपास हा अचल साठा, म्हणजे हात लावू नये असा. उन्हाळ्यात हात लागतोच, आणि मग सोलापूरच्या वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असे मथळे येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पातळीच्या फार खाली गेले होते. अशा वेळी जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर येते, आणि शहरांतून लोक छायाचित्रे काढावयास येतात. त्याच वर्षी २१ मे रोजी कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. पूर्वी जी गावे एकमेकांना हाकेच्या अंतरावर होती, त्यांच्यामध्ये आता हे पाणी आहे. रस्त्याने जायचे तर केवढा तरी वळसा. माणसे नावेत बसतात.

उजनीसाठी जमिनी घेतल्या त्या त्याच १८९४ च्या कायद्याने. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. तोवर कित्येक शेते मोजून झाली होती. मुळशीतला कायदा स्वतंत्र भारताने तसाच जपून ठेवला होता आणि तो २०१४ उजाडेपर्यंत चालला. मी भाच्याला एवढेच म्हणालो की, अरे, कंपनी गेली तरी तिचे कपाट मागे राहते.

या वाक्यावर मी मनातून खूष होतो. संध्याकाळी ते मावशींनाही ऐकविण्याचा मोह मला झाला. त्या अंगणात शेंगा निवडीत बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि एकदम म्हणाल्या, ‘‘तुमचं वडील आमच्या रानात आलं हुतं, म्हाईताय का?’’

मला ठाऊक नव्हते. वडील सरकारी मोजणी खात्यात नोकरीस होते, तरुणपणी ते सोलापूर जिल्ह्यात फिरतीवर असत, एवढे मला माहीत होते. उजनीचे नाव त्यांनी घरात कधी काढले नाही. माझ्या बहिणीचे स्थळ या गावातून आले, तेव्हा ते दोन दिवस गप्प होते, आणि मग ‘घर चांगले आहे, द्या’ म्हणाले, हे मात्र मला आठवते. आईला वाटले, हुंड्याचा प्रश्न असेल.

मावशी त्या वेळी नवी नवरी. दुष्काळाची वर्षे होती. रानात साखळी टाकून एक गोरासा तरुण साहेब मोजीत होता, सोबत दोन गडी. सासऱ्यांनी त्याला सावलीला बोलाविले, तो आला नाही. विहिरीचे पाणी तेवढे प्यायला. मान वर करून कोणाकडे पाहीना. ‘‘आमाला वाटलं, लई गर्वाचा मानूस.’’ जाताना तो सासऱ्यांजवळ येऊन हळूच म्हणाला, बांधावरची झाडे वेगळी लिहावी लागतात, त्यांचे पैसे वेगळे. तुम्ही सांगितलीत का? सासऱ्यांना ते माहीतच नव्हते. मग तो परत फिरला, आणि उन्हात पुन्हा सबंध बांध चालला.

‘‘सात आंबं हुतं. सात लिवलं. शेजाऱ्याचं धा हुतं, त्येचं चार लागलं. त्येचं दुसऱ्या सायबानं मोजलं हुतं.’’

मी विचारले, ‘‘मग लग्नाच्या वेळी तुम्ही ओळखलं होतं त्यांना?’’

‘‘तर! बैठकीत आलं तवाच वळाखलं. त्येनीबी वळाखलं. कुनी काय बोललं न्हाई.’’ शेंगांचे सूप त्यांनी एकदा पाखडले. ‘‘रातच्याला ती दारं लावनारी पोरं बघितली न्हवं का, तवा आठवान झाली. त्यातलं एकादं पोरगं तरी मागारी फिरलं आसंल की.’’

वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. घरी ट्रंकेत त्यांची काही जुनी टिपणवही असेल असे मला वाटते. दिवाळी संपल्यावर ती काढून पाहावी असे मी मनाशी ठरविले.

तेवढ्यात भाच्याने ओसरीवर संगणक मांडला आणि आजीला हाक मारली. आज एरॉसचे पुढे काय होते ते दाखविणार होता. मावशी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, शेंगांचे सूप उचलले, आणि मला म्हणाल्या, ‘‘तुमी या. पन इंग्रजीत सांगू नगा त्याला काय. आपल्यात सांगा.’’